ब्लॉगवर चपलांचा धंदा मांडता येतो का?

पत्र असं आहे :

‘काका, आमचं गाव निपाणी तालुक्यात. घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला होतात. सासरे आणि आमचे मालक तळ कापतात, शिवतात. सासूबाई आणि मी वेण्या घालतो. माल कोल्हापूरच्या दोन दुकानांत जातो. तिथं दुकानाचं नाव लागतं, आमचं कुठंच नाही. लॉकडाऊनपासून मी व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकते. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटालियन फॅशन कंपनीचं ते प्रकरण झालं तेव्हा पुण्याहून, बेंगळुरूहून बरेच मेसेज आले, मग थांबले. एकांनी वेबसाइट करून देतो म्हणून चाळीस हजार सांगितले, आणि दर वर्षाचे बारा हजार वेगळे. मैत्रिणीची मुलगी म्हणते, फुकटात ब्लॉग कर. पण ब्लॉग म्हणजे लोक कविता, प्रवासवर्णनं लिहितात तोच ना? त्यावर धंदा कसा करायचा? मी बारावी शिकले आहे. मराठी बरं लिहिते, कन्नड बोलते पण लिहिताना अडते, इंग्रजी जेमतेम. शिवाय सासरे विचारतात, आपण कर्नाटकातले, आपण “कोल्हापुरी” म्हणून जाहीर लिहिलं तर चालेल का? – एक वाचक, निपाणी तालुका.’

ताई,

चाळीस हजार देऊ नका. निदान आत्ता तरी नको. मैत्रिणीच्या मुलीनं सांगितलं ते बरोबर आहे, फक्त तिनं ते अर्धंच सांगितलं.

ब्लॉगवर कविता लिहितात हे खरं, पण तो त्याचा एक उपयोग झाला. मुळात ब्लॉग म्हणजे संगणकाची भाषा न शिकता इंटरनेटवर मजकूर आणि फोटो चढवायचं साधन. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली निघाली आणि २००३ मध्ये गूगलनं ती विकत घेतली. त्याच २००३ मध्ये वर्डप्रेस आलं. दोन्ही सुरू झाली ती रोजच्या तारखेनं नोंदी लिहिणाऱ्यांसाठी. २००५ मध्ये वर्डप्रेसमध्ये तारखेशी संबंध नसलेली कायमची पानं करायची सोय झाली, आणि तिथून ते साधन शाळा, दवाखाने, वर्तमानपत्रं, दुकानं सगळ्यांच्या कामाला आलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. तुम्हाला चाळीस हजार सांगणारे गृहस्थही बहुधा त्यावरच काम करून देतील. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, मेहनतीचे पैसे कुणीही घेईल. पण चामड्याचा भाव वाढला आणि जोडामागं पन्नास रुपये वाढवायचे झाले, तर तेवढ्यासाठी त्यांना फोन करायचा, ते उद्या करतो म्हणणार, आणि तोवर जुन्या भावानं चार ऑर्डरी येऊन पडणार. तुमच्यासारख्या घरगुती धंद्याला वेबसाइट अशी हवी, की रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही स्वतः मोबाइल हातात घेऊन त्यात बदल करू शकाल. ब्लॉगवर नेमकं तेच होतं.

त्यात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक पानं, दुसऱ्या नोंदी. पानं म्हणजे दुकानाची पाटी आणि आतल्या फळ्या, नोंदी म्हणजे दर आठवड्याला येणारा नवा माल. पानं थोडी आणि कायमची : आम्ही कोण, चपलांचे प्रकार आणि भाव, माप कसं द्यायचं, ऑर्डर आणि परतीचे नियम, पत्ता. नोंदी मात्र वाढत जाणाऱ्या, प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीचा स्वतःचा वेगळा पत्ता. ह्या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘बायकांच्या पायाला कापशी येते का?’ (कापशी हा कोल्हापुरीचाच एक प्रकार), तर त्या एका नोंदीची लिंक तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवू शकता. तेच उत्तर शंभर वेळा टाइप करायला नको.

आता लिहायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. तुम्ही पत्रात तो विचारलेला नाही, पण ‘मी बारावी शिकले’ असं लिहिलंत तेव्हाच मला तो दिसला. तुम्हाला लेखिका व्हायचं नाही. फोनवर गिऱ्हाईक जे विचारतं त्याची तुम्ही रोज देता ती उत्तरं लिहायची आहेत, तुमच्याच बोलीत, तेवढ्याच साधेपणानं. पावसात घातली तर चालेल का? नवी चप्पल चावते, काय करू? करकर वाजणारी मिळेल का? तेल कुठलं लावायचं? मशीनच्या चपलेत आणि हातच्या चपलेत फरक काय? मला सात नंबरचा बूट लागतो, चप्पल कुठल्या मापाची घेऊ? ह्यातल्या एकेका प्रश्नाची एकेक नोंद होते. आणि गंमत नाही, हेच प्रश्न माणसं गूगलवरही टाइप करत असतात. तुमच्या नोंदीत तो प्रश्न जसाच्या तसा शीर्षकात असेल, आणि खाली तळ कापणाऱ्या घरातून आलेलं खरं उत्तर असेल, तर शोधणारा तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता बरीच वाढते.

एक उदाहरण घ्या. माप. कोल्हापुरी परत येते ती बहुतेक वेळा मापावरून, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून मापाचं पान सगळ्यात आधी करा. पांढऱ्या कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारायची, दोन्ही पायांची वेगळी, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत किती सेंटिमीटर, आणि चवड्यापाशी रुंदी किती, ते लिहून पाठवायचं. तुमच्या मालकांना एकदा अंगणात कागदावर उभं करा, चार फोटो काढा, प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहा. झालं पान. ह्या एका पानानं परतीचा माल जितका कमी होईल, तितकं चाळीस हजारांच्या वेबसाइटनं होणार नाही.

दुसरी नोंद करा निगेची. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, म्हणून भिजलेली चप्पल उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, सावलीत वाळवा; तेल किती आणि कुठं लावायचं ते सासऱ्यांना विचारून लिहा, ते जसं बोलतील तसंच. तिसरी नोंद तुमच्या सासूबाईंच्या वेणीची. कुठली वेणी कशी पडते, एका जोडाला किती वेळ जातो, पट्ट्यावर गोंडा कसा बसवतात. गिऱ्हाइकाला भाव जास्त वाटतो तो त्याला हे काम दिसत नाही म्हणून. तुमच्या घरातल्या बायकांचे हात त्याला दिसू द्या. आजवर वेणी घालणाऱ्या बाईचं नाव चपलेवर कधी आलेलं नाही, ते निदान तुमच्या वेबसाइटवर येऊ दे. मला ह्या सगळ्यात हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा रेटून सांगतो आहे.

‘आम्ही कोण’ ह्या पानावर ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ असलं काही लिहू नका. ते प्रत्येक पत्रकावर असतं आणि कुणी वाचत नाही. गावाचं नाव लिहा, कोण काय काम करतं ते लिहा, आणि एक फोटो टाका, काम चालू असतानाचा, नटून बसलेला नको.

स्टेटस आणि इन्स्टाग्राम सोडू नका, पण त्यांच्यावर विसंबू नका. स्टेटस चोवीस तासांत जातं. इन्स्टाग्रामच्या फोटोखाली लिंक लिहिली तर ती दाबून उघडत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी टाकलेला जोड गिऱ्हाइकाला शोधून सापडत नाही. शिवाय ती जागा दुसऱ्याची. टिकटॉकवर लाखो लोकांनी गिऱ्हाईक जमवलं होतं; २९ जून २०२० ला बंदी आली आणि रात्रीतून ते सगळं हातचं गेलं. गूगलनंही छोट्या दुकानदारांना त्यांच्या बिझनेस प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट करू दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. प्रोफाइल अजून आहे आणि तेही फुकट आहे, ते जरूर करा, म्हणजे नकाशावर तुमचं घर दिसेल. आणि त्यात तुमच्या ब्लॉगचा पत्ता घाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. तेव्हा देशभर लोक कोल्हापुरी चपलेबद्दल शोधत होते. तुमच्याकडे मेसेज आले ते ओळखीतून ओळखीत. त्या दिवसांत तुमची चार पानं गूगलवर असती, तर आलेलं गिऱ्हाईक नंतरही परत वाट शोधू शकलं असतं.

तर मग कुठला ब्लॉग? माझं मत स्पष्ट आहे : ब्लॉगरवर सुरू करा. जीमेलचं खातं आहेच, वेगळी जागा भाड्यानं घ्यावी लागत नाही, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायला गूगल वेगळे पैसे घेत नाही. वर्डप्रेस दोन प्रकारे मिळतं. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन लावायला पैसे भरावे लागतात. दुसरा प्रकार म्हणजे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्यायचं आणि होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, विकत घ्यायचं. तो ताकदीचा आहे, पण त्याची डागडुजी सतत करत राहावी लागते, नाहीतर कुणीतरी आत घुसतं. पुढं महिन्याला शंभर-दोनशे जोड जायला लागले, वेबसाइटवरच पैसे भरायची सोय हवी झाली, तर तिकडं जा. ब्लॉगरवरच्या नोंदी वर्डप्रेसमध्ये नेता येतात, काही फुकट जात नाही.

डोमेनवर मात्र पैसे खर्च करा. फुकटात मिळणारा ब्लॉगस्पॉटचा पत्ता चालतो, पण तो गूगलच्या घरातला. डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेन वर्षाला काहीशे ते हजारभर रुपयांत मिळतं. पहिल्या वर्षीचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल ते आधी बघा. आणि ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर घ्या. भाच्याच्या नाही, करून देणाऱ्याच्या नाही. आपल्या भागात कितीतरी दुकानांचं नाव असं दुसऱ्याच्या खात्यात अडकून पडलं आहे, आणि भांडण झालं की पत्ताच बदलावा लागतो. डोमेन हाती असलं की खालचं साधन बदललं तरी गिऱ्हाइकाला कळतही नाही. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअप घ्यायची सोय आहे, महिन्यातून एकदा ती फाइल उतरवून ठेवा.

मराठीत लिहिताना दोन-तीन अडचणी हमखास येतात, त्या आधीच सांगतो. नोंदीचं शीर्षक देवनागरीत दिलं, की ब्लॉगर तिला ‘ब्लॉग-पोस्ट’ असा अर्थहीन पत्ता देऊन टाकतं. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजव्या बाजूला पर्मालिंक असं असतं तिथं जाऊन रोमन अक्षरांत छोटा पत्ता स्वतः लिहा, जसं ‘कोल्हापुरी-चप्पल-माप’ हे इंग्रजी अक्षरांत. एकदा प्रसिद्ध झाल्यावर तो बदलायच्या भानगडीत पडू नका, पाठवलेल्या लिंका मोडतात. वर्डप्रेसवर उलटा त्रास : देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन उमटतो. उपाय तोच.

दुसरं, बॅनर. आपल्याकडं सगळं बॅनरवर लिहायची सवय आहे : भाव, फोन, ‘दिवाळी धमाका’, सगळं एका चित्रात. चित्रातली अक्षरं माणूस वाचतो, पण शोधणारा जेव्हा शब्द टाइप करतो तेव्हा त्यांचा भरवसा धरता येत नाही. भाव आणि माहिती चित्राबाहेर, मजकुरात लिहा. आणि निपाणीच्या डीटीपीवाल्याकडून छापून घेतलेल्या जुन्या पत्रकातला मजकूर उचलून चिकटवायला जाल, तर बऱ्याचदा अक्षरांचा काला होतो, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत नसतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर नव्यानं टाइप करा, किंवा बोलून लिहा, ते आता बरंच चांगलं उमटतं. फोटो चढवण्याआधी लहान करा. मोबाइलचे मोठे फोटो तसेच टाकले तर गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडता उघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर मराठीतच सुरू करा. कोल्हापूर, गडहिंग्लज, पुणे, मुंबई, सगळं मराठीवर चालेल. त्यानंतर माप, भाव आणि पत्ता ही तीनच पानं इंग्रजीत करा, कारण बेंगळुरूचा किंवा परदेशातला माणूस इंग्रजीत शोधतो. ही तीन पानं कुणा मास्तरांकडून एकदा तपासून घेतली की पुरतात. कन्नडमध्येही तीच तीन पानं करा आणि शेजारच्या कुणा कन्नड शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्या. हुबळी-धारवाडचं गिऱ्हाईक आपल्याला जवळचं आहे, त्याला त्याच्या भाषेत भाव वाचायला मिळाला तर बरं वाटतं. यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका, चपलेच्या अंगठ्याचं तिथं काहीही होऊ शकतं. एकाच नोंदीत तीन भाषांची खिचडीही नको. भाषेप्रमाणं वेगळी पानं आणि वर मेनूत तीन नावं. पत्त्याच्या पानावर बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी नाव नवं (Belagavi) आणि जुनं (Belgaum) दोन्ही लिहा. १ नोव्हेंबर २०१४ ला ते अधिकृतपणे बदललं, तरी बाहेरचे लोक अजून जुनंच टाइप करतात.

सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर : हो, तुमची चप्पल कोल्हापुरीच. कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे वस्तू ठरावीक भागातलीच असल्याची सरकारी नोंद) आहे ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपुरा असे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आपल्याकडचं ते लिडकर. निपाणी, अथणी ह्या भागात पिढ्यानपिढ्या हे काम होतं, ते कागदावरही मान्य झालेलं आहे. मात्र मानांकनाचं अधिकृत चिन्ह वेबसाइटवर लावण्याआधी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ती चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात होते. लिडकरकडं जाऊन अर्जाची चौकशी करा. सासऱ्यांच्या नावानं ती नोंदणी झाली, तर ‘आम्ही कोण’ पानावर सगळ्यात वर तीच टाका. तोवर ‘निपाणी तालुक्यातल्या आमच्या घरी हातानं केलेली’ असं लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे. कोल्हापूरच्या दुकानांना माल देणंही थांबवू नका. त्यांच्याशी आधी बोलून घ्या आणि वेबसाइटवरचा भाव त्यांच्या दुकानातल्या भावाच्या खाली ठेवू नका. रोजचं जेवण तिथून येतं.

ऑर्डरीसाठी सुरुवातीला वेगळी यंत्रणा नको. प्रत्येक जोडाच्या नोंदीखाली व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या, दाबली की तुमच्याशी गप्पा उघडतात. पैसे यूपीआयनं घ्या. माप पक्कं झाल्याशिवाय पैसे घेऊ नका, आणि जोड किती दिवसांत निघेल ते आधी सांगा. पावसाळ्यात चामडं वाळायला वेळ लागतो, तेही लिहा. गिऱ्हाईक थांबायला तयार असतं, फक्त त्याला आधी सांगायला हवं. नोंदी झाल्या की गूगल सर्च कन्सोल नावाची फुकट सोय आहे, तिथं आपल्या वेबसाइटचा पत्ता कळवा. लगेच फोन सुरू होतील असं धरून चालू नका. आठवड्याला एक नोंद, वर्षभर, एवढं धरा. कुणी तरी चपलांचा फोटो उचलेल अशी सासूबाईंना धास्ती वाटेल. फोटो उचलले जातात, ते थांबवता येत नाही. पण तुमच्या नोंदीवर तारीख असते आणि ती नक्षी आधी कुणी दाखवली ते त्यावरून सांगता येतं.

शेवटी जीएसटी, कारण सीमेवर राहणाऱ्यांना तो वेगळा लागतो. निपाणीतून कोल्हापूर तासाभरावर आहे, पण तिथल्या गिऱ्हाइकाला थेट माल पाठवला की कागदावर तो परराज्यातला व्यवहार होतो. राज्याबाहेर वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कमी असली तरी साधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना त्यातून सवलत आहे. तुमच्या चपला त्या सवलतीत बसतात की नाही, हे पहिली ऑर्डर कुरिअरला देण्याआधी निपाणीतल्याच एखाद्या कर सल्लागाराला विचारा, आणि तो सांगेल ते लेखी घ्या. माप आणि ‘आम्ही कोण’ ही पानं आणि निगेची नोंद मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका, ती ह्याच आठवड्यात लिहायला घ्या. लिहून झाली की मला त्यांची लिंक पाठवा, मी वाचून कळवीन.